जुन्या गाडीची ऑइल गळती: आधी इंजिन धुवा, मग शोधा

‘क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ माझ्या जुन्या गाडीखाली रोज पडणारा काळा डाग बघून मला हेच सांगण्यात आलं होतं. (क्रँक म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा.) तेल खरोखर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथूनच टपकत होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. तरी काम देण्याआधी मी इंजिन स्वच्छ धुतलं, दहा मिनिटं चालवलं आणि छोटा आरसा धरून इंजिनाच्या मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकाश टाकला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून तेलाची बारीक ओली रेघ हेडवरून (त्या झाकणाखालच्या भागावरून) खाली उतरत होती आणि थेट बेल हाऊसिंगवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावर, जमत होती. नवं रबरी पॅकिंग टाकलं, एका दुपारचं काम. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

तेल जिथून टपकतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, गाडी पळताना हवेच्या झोताने मागे जातं, मग एखाद्या कडेवर किंवा बोल्टच्या डोक्यावर जमून थेंब होतो. आपल्याला दिसतो तो प्रवासाचा शेवट. म्हणून ज्यांनी अजून पाना हातात धरलेला नाही त्यांनाही माझं एकच सांगणं आहे: तेल बाहेर पडताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही भाग बदलू नका.

आधी डिपस्टिक

शोध सुरू करण्याआधी इंजिनात तेल किती उरलंय ते बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पुसून परत पूर्ण आत घाला आणि मग वाचा. बऱ्याच कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेला टेकली असेल तर आधी तेल भरा, पण थोडं थोडं. वरच्या खुणेच्या वर भरलेलं तेलही गळतीचं कारण होऊ शकतं, कारण फिरणारा क्रँक त्यात बुडून तेल घुसळतो आणि फेस करतो.

तारीख, किलोमीटर आणि पातळी एका वहीत लिहायला लागा. गळती वाढतेय की तेवढीच आहे हे डागाच्या आकारावरून कळत नाही, या नोंदींवरून कळतं. पातळी उतरतेय पण बाहेर कुठेच ओलावा नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर तेल आत जळतंय. तो वेगळा आजार आहे.

काही गळत्या मात्र थांबू देत नाहीत. तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारं तेल पेट घेऊ शकतं. टायमिंग बेल्टवर (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) येणारं तेल त्याचं रबर खातं, आणि बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन चालू असताना धार लागत असेल तर गाडी हलवूच नका. चालता चालता ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय बेअरिंग फार वेळ टिकत नाहीत.

हे इंजिन ऑइलच आहे का?

रात्री गाडीखाली मोठा, स्वच्छ पुठ्ठा पसरा. पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेनने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली आहे ते नेमकं कळेल.

मग डाग बोटाने आणि नाकाने तपासा. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं, जुनं झालं की तपकिरी ते काळं, आणि बोटांत बुळबुळीत लागतं. लाल किंवा लालसर तपकिरी पातळ तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं असतं. मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल जास्त घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारा. तो चाखून बघायचा नाही, विषारी असतो. फिकट पिवळसर, पातळ द्रव चाकाजवळ किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली दिसला तर तो ब्रेक ऑइल असण्याचा संभव आहे. तसं असेल तर गाडी चालवायची नाही. आणि स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं आहे, निश्चिंत राहा.

धुणं, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो

जुन्या इंजिनावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून काळा लेप चढलेला असतो. त्यातून ताजी गळती शोधणं अशक्य आहे. मी सुरुवातीला ही पायरी टाळली आणि ऑइल चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग विनाकारण बदललं; चेंबर वरून येणाऱ्या तेलाने ओला होता.

इंजिन कोमट असताना धुवा. तापलेल्या धातूवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर (जुन्या पेट्रोल गाड्यांत स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) किंवा इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधा. इंजिन डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) फवारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जास्त दाबाचा पंप वापरू नका, त्याचं पाणी सील आणि विजेच्या जोडण्यांत घुसतं. पाणी वापरायची भीती वाटत असेल तर नुसतं डिग्रीझर आणि फडकी घेऊन पुसत बसा. वेळ जास्त लागतो, पण हे पूर्णपणे चालतं. पेट्रोलने मात्र इंजिन कधीही धुऊ नका. त्याची वाफ एका ठिणगीत भडकते.

सगळं कोरडं होऊ द्या, पिशव्या काढा, तार जोडा.

वरून खाली, पुढून मागे

गाडी उघड्या हवेत उभी करा. इंजिन सुरू करून जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. सैल बाही, गळ्यातला स्कार्फ, मोकळे केस पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हे लक्षात ठेवा.

बॅटरीचा प्रकाश टाकत टॅपेट कव्हरच्या कडेपासून सुरुवात करा. पूर्ण कड फिरून झाली की हेड, मग ब्लॉक, मग चेंबर. मागच्या बाजूला डोकं जात नाही, तिथे दांडीचा आरसा किंवा फोनचा कॅमेरा घाला. जी जागा ओली आहे पण जिच्या वरचं सगळं कोरडं आहे, ती जागा हवी आहे आपल्याला. काहीच दिसलं नाही तर १५-२० किलोमीटर चालवून या आणि परत बघा. काही गळत्या तेल पूर्ण तापून पातळ झाल्यावर आणि दाब वाढल्यावरच सुरू होतात. उलट काही गार इंजिनातच दिसतात, आकसलेलं कडक रबर तापलं की फुगून फट बुजवतं. म्हणून सकाळचं गार इंजिनही एकदा बघा.

तरीही चकवा लागला तर दोन उपाय. संशयित जागा कोरडी करून, इंजिन बंद असताना, तिथे टाल्कम पावडर भुरभुरवा. थोडा वेळ गाडी चालवल्यावर पांढऱ्यावर तेलाची वाट स्पष्ट उमटते. दुसरा उपाय म्हणजे तेलात मिसळायचा चमकणारा डाय. बाटलीवर लिहिलेल्या मापाने तो इंजिन ऑइलमध्ये घाला, काही अंतर चालवा आणि अंधारात अतिनील टॉर्च मारा. गळणारं तेल पिवळं-हिरवं झळकतं. इंजिनाचं तेल की गिअरबॉक्सचं, हा वाद तर यानं कायमचा मिटतो. माझ्या मते जुनी गाडी ठेवणाऱ्याकडे हा टॉर्च असावाच.

कोणतंही पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर

ही पायरी अनेक मेकॅनिकही सोडून देतात, आणि मग नवीन टाकलेलं सील सहा महिन्यांत परत गळू लागतं.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूंचा थोडा भाग त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, येतोच. तो बाहेर काढण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू सोडणारी झडप) आणि ब्रीदरचा पाइप असतो. इंजिनाच्या ओढीने तो वायू परत इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) जातो आणि जळतो. जुन्या गाडीत हा रस्ता काळ्या चिकट गाळाने बुजतो. मग आत दाब साठतो आणि तो तेलाला सगळ्यात कमकुवत सीलमधून बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार जागा ओल्या दिसल्या तर माझा पहिला संशय इथेच जातो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला (रेस न देता जागेवर चालू) असताना ऑइल भरायचं झाकण हळूच काढा आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. पेट्रोल इंजिनात कागद अलगद खेचला गेला किंवा जागेवर राहिला तर ठीक. तो फडफडत वर उचलला गेला, किंवा डिपस्टिक आपोआप वर आलेली दिसली, तर दाब साठतोय. काही इंजिनांत झाकण काढताच तेलाचे शिंतोडे उडतात, म्हणून चष्मा लावा. डिझेलमध्ये थोडी फुंकर नेहमीचीच असते, तिथे ही चाचणी तितकी नेमकी नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये आतली गोटी खुळखुळली पाहिजे. आवाज आला नाही तर बदला, हा इंजिनावरच्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. त्याचे पाइप काढून आतून साफ करा. दाबल्यावर कडकड मोडणारा पाइप नवा घ्या. एवढं करूनही दाब जात नसेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी) केल्याशिवाय सीलवर पैसे घालवू नयेत.

नेहमीचे संशयित

आधी सोपं आणि स्वस्त बघायचं. ऑइल फिल्टर हाताने हलतोय का? गेल्या सर्व्हिसनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, असं झालेलं असू शकतं. दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि तेल भसाभस बाहेर येतं. फिल्टर काढून बसण्याची जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने तेल लावा, रिंग टेकली की पुढे फिल्टरवर लिहिलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरी, हाताने घट्ट करा. पान्याने आवळू नका.

ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन सील करतो, म्हणून तो दर तेलबदलीला नवा टाकायचा असतो. जुना वॉशर गळतोय म्हणून बोल्ट आणखी आवळणं ही महागात पडणारी चूक आहे. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

ऑइल प्रेशर स्विच हा ब्लॉकवर बसवलेला लहानसा भाग, एका वायरचा. जुना झाला की आतला पडदा फाटतो आणि तेल वायरच्या जोडणीतून झिरपतं. कनेक्टर काढून आत तेल दिसलं तर निदान पक्कं. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत त्याच्या बुडाची ओ-रिंग कडक होऊन गळते. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याची नेमकी जागा आणि रोटरची (आतल्या फिरत्या तुकड्याची) दिशा खडूने आखून ठेवा, नाहीतर इग्निशनचं टायमिंग हलेल.

चेंबरचं पॅकिंग खरोखर जातं, पण लोकांना वाटतं तितक्या वेळा नाही. चेंबरखाली जॅक लावल्याने पडलेला पोचा आणि पत्र्याला गंज चढून पडलेली बारीक भोकं, हेही तिथे बघा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं

नवख्याने पहिलं काम म्हणून हेच घ्यावं. गाडीखाली जावं लागत नाही आणि जुन्या गाड्यांतली सर्वांत जास्त गळती इथलीच असते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. वर येणाऱ्या वायरी, प्लगच्या केबल आणि पाइप काढण्याआधी फोटो काढा, केबलना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावा. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत काढा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्या. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा हीच उद्याची गळती.

जुनं पॅकिंग बहुतेक वेळा प्लास्टिकसारखं कडक झालेलं मिळेल. बोटाने वाकवून बघा, मोडतं. इंजिनाच्या उष्णतेत वर्षं काढलेलं रबर असंच होतं. त्याचे तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून उघड्या भागावर स्वच्छ फडकं पसरा आणि मगच दोन्ही कडा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. शेवटी फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन कडा पूर्ण कोरड्या, तेलविरहित करा. जुनी गळती पुन्हा येण्याचं मोठं कारण घाईत केलेली ही सफाई असते, म्हणून इथे अर्धा तास जास्त द्या.

कव्हर पत्र्याचं असेल तर ते सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून बघा. आधी कुणी बोल्ट अति आवळले असतील तर भोकांजवळ पत्रा आत दबलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकून तो सपाट करा. वाकडं कव्हर कोणतंही पॅकिंग सावरू शकत नाही.

स्पार्क प्लगच्या खोबणीत तेल दिसलं होतं का? मग तिथली गोल सीलही याच वेळी बदला. प्लग उघडण्याआधी खोबणीतलं तेल चिंधीने टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत नीट बसवा. रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून लावायचा, हवेत सुकून रबर होणारा लेप) फक्त तिथे, जिथे सरळ कडेला जोड आहे: अर्धचंद्राकृती रबराचे कोपरे, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाची कॅप, टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा. तेही हरभऱ्याएवढं. जास्त लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकून तेलच बंद करू शकतात. ‘जास्त लावलं की जास्त पक्कं’ हा समज इंजिनं मारतो.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मध्यापासून बाहेर, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) घट्ट करा. हा टॉर्क फार कमी असतो, अनेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. कॉर्कचं (बुचाचं) पॅकिंग असेल तर काही दिवसांनी ते बसतं आणि बोल्ट किंचित आवळावे लागतात. रबराच्या बाबतीत परत आवळायचं नाही. सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. बहुतेकांना पूर्ण सुकायला २४ तास लागतात.

गाडीखाली जायचं असेल तर

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. कडक, सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना अडवणारे ठोकळे, गाडीच्या ठरलेल्या जागी दोन स्टँड, आणि आत जाण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून बघणं. स्टँड नसतील तर हे काम दुसऱ्याला द्या.

क्रँकच्या पुढच्या पुलीमागचं सील आणि कॅमचं सील बदलायला बेल्ट उतरवावा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हे एकट्याने करू नये, टायमिंग एका दात्याने चुकलं तरी नुकसान मोठं. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आलीच असेल तर ही सीलं त्याच वेळी टाकून घ्या. मेकॅनिकला दोन गोष्टी मात्र सांगा: जुनं सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका, आणि शाफ्टवर झिजून खाच पडली असेल तर नवं सील थोडं पुढे-मागे बसवा किंवा शाफ्टवर दुरुस्तीची बाही (स्लीव्ह) चढवा.

क्रँकचं मागचं सील ही शेवटची शक्यता. टॅपेट कव्हरची मागची बाजू, प्रेशर स्विच, ब्लॉकच्या मागचे जोड कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच तिच्याकडे या. बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून इंजिन ऑइल येत असेल तर निदान बरोबर आहे. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर क्लच प्लेटही बघून घ्या. आणि थेंब-दोन थेंबच पडत असतील, क्लच घसरत नसेल, तर क्लच बदलण्याची वेळ येईपर्यंत पातळीवर लक्ष ठेवून थांबायला हरकत नाही. मी थांबेन.

बाटलीतल्या ‘स्टॉप लीक’ औषधाबद्दल विचारणा होतेच. ते कडक झालेलं रबर थोडं मऊ करून फुगवतं, त्यामुळे सीलची बारीक गळती काही काळ कमी होऊ शकते. फाटलेल्या पॅकिंगवर, सैल बोल्टवर, बुजलेल्या ब्रीदरवर त्याचा काही उपयोग नाही. शोध न घेता ते ओतणं मला मान्य नाही.

काम झाल्यावर

तेलाची पातळी बघा, इंजिन सुरू करा, लाल दिवा विझल्याची खात्री करा आणि दहा मिनिटं जोडाकडे बघत उभे राहा. मग चालवून आणा, परत बघा. रात्री नवा पुठ्ठा. पहिले काही दिवस जुनं, खाचाखोचांत राहिलेलं तेल जळाल्याचा वास येईल, त्याने घाबरू नका. ओली रेघ परत दिसली तर मात्र त्याच जागेची सफाई आणि बोल्ट पुन्हा तपासा. ५०० किलोमीटरनंतर डिपस्टिकची नोंद वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून बघा.

खूप जुन्या इंजिनावर कुठेतरी घामेजल्यासारखा ओलावा राहतोच. थेंब होऊन पडत नाही, पातळी उतरत नाही, एक्झॉस्टवर किंवा बेल्टवर जात नाही, तर त्याला तसंच राहू द्या आणि दर तेलबदलीला पुसून बघत जा.

वापरलेलं तेल त्वचेला घातक असतं, म्हणून हातमोजे घाला आणि काम झालं की साबणाने हात धुवा. निघालेलं तेल आणि तेलकट चिंध्या गटारात किंवा मातीत टाकू नका. तेल झाकणाच्या डब्यात साठवा आणि जिथे जुनं तेल परत घेतलं जातं तिथे नेऊन द्या.